कोयरी आहे का किडनी?

वाचक विचारतात, ताई सांगतात

यावेळी गंमत अशी झाली की एकाच मोहिमेतल्या वेगवेगळ्या लोकांची पत्रं आली, बहुतेक एकमेकांना न सांगता पाठवलेली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, या वेळची सगळी जागा यांनाच.

ताई नमस्कार. आम्ही विडी घरकुल आणि अक्कलकोट रोडकडची वीस-पंचवीस जणं मिळून मार्चमध्ये किडनीची जनजागृती मोहीम घेतोय. शिबिर, रॅली, शाळेत माहिती, सगळं ठरलं, पण लोगोवर गाडी अडलीय. चार डिझाइन आलेत. पहिल्यात सिद्धेश्वर मंदिर आणि कळसाच्या जागी किडनी. दुसऱ्यात दोन हातांत लाल किडनी आणि वर लाल प्लस. तिसऱ्यात निळा थेंब, आत हसणारी किडनी, खाली ‘भरपूर पाणी प्या’. चौथ्यात एकाच धाग्यानं काढलेल्या दोन किडन्या, बाकी काहीच नाही. व्हॉट्सअॅपवर मतदान घेतलं तर पहिला एकदम पुढं, चौथ्याला फक्त तीन मतं, सगळे म्हणतात ही तर साडीच्या काठावरची कोयरी. कुठला घेऊ?
— एक कार्यकर्ता, सोलापूर

दादा, मतदान घेतलंत ते ठीक, पण तुम्ही विचारलं ‘कुठला आवडला’. आता आवडायला मंदिर कुणाला आवडणार नाही, सोलापूरकराला सिद्धरामेश्वराचं देऊळ दिसलं की हात आपोआप छातीशी जातो. पण हात जोडून माणूस पुढं निघून जातो ना. त्याला ते जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचं पोस्टर वाटतं, कळसाच्या जागी काय आहे ते बघायला तो थांबत नाही. शिवाय तुमची पत्रकं रस्त्यावर पडणार, कुणाच्या पायाखाली येणार, मग कुणीतरी येऊन भांडणार आणि त्याचं भांडणं बरोबरच असेल. आणि शिबिराला सगळ्या पेठांतले, सगळ्या जातीधर्माचे लोक यायला पाहिजेत की नाही? देऊळ मनात असू दे, लोगोत नको.

दुसरा तर आधी बाजूला काढा. पांढऱ्यावर लाल क्रॉस ही दवाखान्याची खूण आहे असं आपण लहानपणापासून समजतो, पण ती रेडक्रॉसची आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेची खूण आहे आणि जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अॅक्ट १९६० प्रमाणे ती परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. युद्धात त्या खुणेवर गोळी झाडायची नाही, त्यासाठी ती राखून ठेवलीय. मेडिकलच्या बोर्डांवर, गाड्यांवर सर्रास दिसते म्हणून ती मोकळी आहे असं नाही. आणि दोन हातांत किडनी म्हटलं की बघणाऱ्याला अवयवदान वाटतं. अवयवदान मोठं काम आहे, पण तुमच्या शिबिरात तुम्ही लघवी आणि रक्त तपासणार आहात, तिथं एखादी बाई दारावरूनच परत जायची की बाई किडनी मागतात वाटतं इथं. हसू नका, असं होतं.

तिसऱ्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो दिसायला गोड आहे आणि शाळेतल्या पोरांना आवडेल. पण निळा थेंब म्हणजे आपल्याकडं पाणी वाचवा, लाल थेंब म्हणजे रक्तदान, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्यातली किडनी कितीही हसू दे, दिसणार नाही. त्याहून मोठी अडचण खालच्या ओळीची. ‘भरपूर पाणी प्या’ हे सगळ्यांसाठी खरं नाही. मुतखडा होऊन गेलेल्याला डॉक्टर पाणी वाढवायला सांगतात, एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मागावर उभं राहणाऱ्यानं पाणी प्यायलाच पाहिजे, त्यात वादच नाही. पण ज्याची किडनी बरीच कमजोर झालीय, पायावर सूज आहे, डायलिसिस चालू आहे, त्याला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. तो माणूस तुमचा बोर्ड वाचून तांब्याभर जास्त प्यायला तर त्याला धाप लागेल. आणि जो बरा आहे त्याला वाटेल मी पाणी पितो म्हणजे माझी किडनी ठणठणीत. डायबेटिस आणि बीपी ही किडनी बिघडायची सगळ्यात मोठी कारणं आहेत, ती नुसत्या पाण्यानं जात नाहीत. शुगर-बीपी ताब्यात ठेवायचं, मीठ कमी करायचं, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, त्यात आपली शेंगाचटणी, लोणचं, पापड सगळं आलं. आणि दुखण्याच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत. हे सगळं एका थेंबात कसं मावणार?

राहिला चौथा. मला विचाराल तर तोच घ्या.

कोयरी वाटते म्हणून तुम्ही त्याला नापास केलंत, मला तिथंच तो आवडला. अहो आपल्या गावात घराघरात माग चाललेत, कोयरी आपल्या डोळ्याला इतकी ओळखीची की लांबून दिसली तरी नजर थांबते. नजर थांबली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे कोयरी नाही, किडनी आहे हे कळणं, त्यासाठी थोडी दुरुस्ती लागेल, ती खाली हे चित्र काढणाऱ्या मुलीच्या पत्राला उत्तर देताना सांगते.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. लोगो एका कागदावर बोटभर छापा आणि विड्या जमा करायला बायका येतात तिथं जाऊन उभे रहा, नाहीतर कारखान्याची पाळी सुटते तेव्हा गेटवर. पाच सेकंद दाखवायचा, कागद उलटा करायचा आणि विचारायचं, काय बघितलंत? आवडलं का हे विचारायचंच नाही. दहातल्या सहा-सात जणांनी किडनी म्हटलं तर लोगो पास. कोयरी म्हणाले, काजू म्हणाले, कान म्हणाले तर तसंच लिहून आणा आणि त्या मुलीला द्या. ग्रुपमधल्या शंभर अंगठ्यांपेक्षा त्या दहा जणांचं बोलणं कामाचं आहे, कारण शिबिराला तेच यायचेत.

ताई, मी पण त्याच मोहिमेत आहे. माझे वडील दोन वर्षं झाली डायलिसिसवर आहेत. परवा मीटिंगमध्ये एकजण म्हणाला या चारपैकी एकही नको, काळी पडलेली किडनी आणि कवटी टाका, भीती घातल्याशिवाय लोक सुधरत नाहीत. सगळ्यांनी माना डोलवल्या. मी काही न बोलता उठून आलो. माझं चुकलं का?
— एक मुलगा

नाही रे भावा. तुझं काही चुकलं नाही, फक्त पुढच्या मीटिंगला उठून येऊ नको, बोल.

आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. उभं राहून राहून कंबर आणि गुडघे धरायचे म्हणून रोज रात्री एक दुखण्याची गोळी, ती पण मनानं, शुगर होती ती माहीत होती आणि बीपी कधी मोजलंच नव्हतं. एका जानेवारीत गड्ड्याला निघताना त्यांच्या पायात चप्पल जाईना. नवीन चप्पल आहे, आवळली असेल म्हणून आम्ही आईची स्लीपर दिली, ती पण जाईना. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. तिथून तपासण्या सुरू झाल्या आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, हा शब्द आमच्या घरात आला. त्याआधी त्यांना काही दुखलं नव्हतं, लघवीला जळजळ नव्हती, काही नाही. किडनीचं हेच वाईट आहे, ती बऱ्यापैकी संपत येईपर्यंत गप्प बसते.

मग हाताला फिस्टुला केला. तुला माहीतच आहे, शीर आणि धमनी जोडून देतात, मग ती शीर फुगते आणि तिथं सुई लावता येते. त्यावर बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते. मागाच्या खोलीच्या भिंतीला बाहेरून हात लावला की लागते ना, अगदी तशी. अण्णा मला बोलवून बोट ठेवायला लावायचे आणि म्हणायचे, बघ, माग चालू हाय. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आणि मधल्या दिवशी ते कट्ट्यावर गप्पा मारायला जायचे, नातवाचा अभ्यास घ्यायचे. एके दिवशी सेंटरला जाताना रिक्षा सिग्नलला थांबली, समोर फ्लेक्स होता, काळी किडनी, तिच्यावर कवटी आणि खाली ‘किडनी फेल म्हणजे आयुष्य फेल’. अण्णांनी तो पूर्ण वाचला. सेंटर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तो बोर्ड ज्यांनी लावला त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं, पण त्या रस्त्यानं डायलिसिसची माणसं रोज जातात हे एकालाही सुचलं नाही याचा राग मला आज पण येतो.

तू मीटिंगमध्ये हेच सांग. आणि दुसरं हे सांग की भीतीनं माणूस तपासायला येत नाही, उलट लपतो, निघालं तर काय करू म्हणून. ज्याला शुगर आहे, बीपी आहे, ज्याच्या घरात कुणाला किडनीचा त्रास झालाय तो माणूस दारात आला पाहिजे. त्याला कवटी दाखवून कसं चालेल? त्याला सांगायचं की वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघ, लवकर कळलं तर औषधानं, पथ्यानं बरीच वर्षं ओढता येतं. आणि ज्यांचं डायलिसिस सुरू आहे त्यांच्यासाठी शिबिरात एक टेबल ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं हे अजून कितीतरी घरांना माहीत नाही, कागदपत्रं काय लागतात ते तिथं नीट समजावून सांगणारं कुणीतरी बसवा. वडिलांना माझा नमस्कार सांग.

ताई, एवढं भांडण्यापेक्षा जागतिक किडनी दिनाचाच लोगो वापरला तर?
— एक सदस्य

वर्ल्ड किडनी डे २००६ पासून चालू आहे, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी आणि इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ किडनी फाउंडेशन्स या दोन संस्था मिळून तो करतात, दरवर्षी मार्चचा दुसरा गुरुवार, म्हणजे २०२६ ला १२ मार्च. त्यांचा लोगो त्यांचा आहे. त्यांच्या वेबसाइटवर मोहिमेचं साहित्य असतं, ते घ्यायचं तर अटी वाचून घ्या, आणि रंग बदल, मध्ये मंडळाचं नाव घुसव, नगरसेवकाचा फोटो चिकटव असं करू नका. तुमचा लोगो वेगळा ठेवा कारण तुमची मोहीम त्या गुरुवारी संपणार नाहीये, निदान संपू नये.

ताई, तो धाग्याचा लोगो मी केलाय. मी डिझाइनचं शिकतेय. सगळे म्हणतात कोयरी, कोयरी. एक काका म्हणाले मोबाईलवर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत शंभर लोगो देतो, कशाला एवढी मेहनत. खूप नाराज झालेय. काय बदलू?
— एक विद्यार्थिनी

अगं नाराज नको होऊ, तीन मतांत माझं एक धर, चार झाली.

आता तुझं चित्र मी कार्यकर्त्यांनी पाठवलेल्या फोटोत मोठं करून बघितलं. तू दोन्ही किडन्या एकाच दिशेला तोंड करून काढल्यात, साडीच्या काठावर कोयऱ्या एकामागं एक असतात तशा, आणि टोक वळवलंस. म्हणून लोक कोयरी म्हणतात, त्यांचं चुकत नाही. खरी किडनी बघ, कणा मधे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक, दोघींची खोलगट बाजू आत, एकमेकींकडं. त्या खोलगट जागेतूनच रक्ताच्या नळ्या आत-बाहेर जातात आणि तिथूनच मूत्रवाहिनी खाली निघते. खालच्या टोकातून नाही, ही चूक भलेभले करतात. तेव्हा टोक काढून टाक, दोन्ही बाजू गोल ठेव, तोंडं आत वळव आणि तुझा तो एक धागा डावीकडच्या खोलगट भागातून निघून खाली जाऊ दे, उजवीकडचा पण, आणि दोन्ही खाली एका छोट्या पिशवीत मिळू देत, मूत्राशय म्हणून. एवढं केलंस की कोयरी जाते आणि किडनी येते, आणि धागा तसाच राहतो. अजून एक बारीक गोष्ट, उजवी किडनी लिव्हरमुळं डावीपेक्षा थोडी खाली असते. समोरून बघताना ती आपल्या डाव्या हाताला येते. केसाएवढा फरक ठेव, नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर बघतील तेव्हा खूश होतील आणि साध्या माणसाला चित्र जिवंत वाटेल.

पोस्टरवर माणसाच्या पाठीवर किडन्या दाखवणार असलीस तर कमरेच्या पट्ट्यावर नको काढू. त्या वर असतात, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. पाठमोरा माणूस दाखवलास तर डावं-उजवं पण बदलतं, मग खालची किडनी उजवीकडं येणार.

रंग एकच घे. मोहिमेच्या लोकांना हिरवा हवाय असं कळलं, किडनीसाठी हिरवी रिबन वापरतात हे खरंय पण अवयवदानाला पण हिरवी आणि मानसिक आरोग्याला पण हिरवी, त्यामुळं रंगावर भरवसा नको, आकारावर ठेव. लालावर हिरवं तर अजिबात नको, काही पुरुषांना तो फरक दिसतच नाही. काळ्या शाईत झेरॉक्स काढून बघ, झेरॉक्सची पण झेरॉक्स काढ. ओळखू येतंय? मग झालं.

आणि आता माझी आवडती परीक्षा. तुमच्या भागात टॉवेलवर, नॅपकिनवर नाव विणून देणारे कारखाने आहेत, तिथं जाऊन जेकार्डवाल्याला तुझा लोगो दाखव. तो एका नजरेत सांगेल. टेरीच्या कापडाला लूप असतात, बारीक रेघ त्या लूपात बुडून जाते, दोन रेघांमधली फट भरून जाते, अगदी गोल वळणाच्या पायऱ्या होतात. तुझा आत्ताचा धागा फार बारीक आहे, नॅपकिनवर नुसती धूसर सावली दिसेल. धागा जाड कर, फटी मोठ्या ठेव. जो लोगो नॅपकिनवर विणून येतो तो बिल्ल्यावर, रिक्षाच्या मागच्या स्टिकरवर, रबरी शिक्क्यावर कुठंही येतो. आणि शिबिराला येणाऱ्याला फोल्डरपेक्षा नॅपकिन द्या ना, फोल्डर रद्दीत जातो, नॅपकिन कामगाराच्या खांद्यावर वर्षभर राहतो.

एआयचं म्हणशील तर काकांवर रागावू नको, कल्पना सुचायला वापरायचा तर वापर. पण मी बघितलेल्या अशा चित्रांत देवनागरी तुटलेलं असतं, मूत्रपिंडातला त्र भलताच, अनुस्वार हवेत, वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर, आणि किडनीची नळी भलत्याच जागेतून. ते जसंच्या तसं छापलं तर लोक हसतील आणि विषय हसण्यावारी जाईल. तुझा हात आहे तो पाहिजेच.

शेवटी फाईलचं. प्रेसवाल्याला जेपीजी देऊ नको, व्हेक्टर फाईल दे, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, आणि अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचा आकार करून दे, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की किडनीचं काहीतरी तिसरंच छापून येतं आणि हजार पत्रकं वाया जातात. आणि मोहिमेच्या लोकांकडून एक साधं पत्र घे की लोगो तू केलायस, आणि हक्क त्यांना देत असशील तर कशासाठी देतेस. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनं लागतं. मोहीम समाजासाठी आहे म्हणून पैसे मागायला लाजू नको, आणि नाही घेतलेस तर निदान नाव तरी लावायला सांग.

ताई, लोगोखाली ‘मूत्रपिंड’ लिहायचं का ‘किडनी’? आमच्यात शुद्ध मराठीवाले आणि बाकीचे असे दोन गट पडलेत.
— एक शिक्षक

सर, मूत्रपिंड हा शब्द मला पण आवडतो, शाळेच्या पुस्तकात तोच आहे आणि माहितीपत्रकात एकदा जरूर घ्या. तेलुगूत आणि कन्नडमध्ये पण तोच संस्कृत शब्द थोड्या फरकानं आहे, दखनी बोलणारे गुर्दा म्हणतात. पण आपल्या गावात पूर्व भागातली तेलुगू आजी असो, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी अक्का असो नाहीतर विजापूर वेशीतले चाचा, दवाखान्यात जाऊन आले की सगळे एकच शब्द म्हणतात, किडनी. लोगोखाली तोच ठेवा, मोठ्या जाड अक्षरात. त्याच्याखाली दुसरी छोटी ओळ ‘लघवी-रक्त तपासा’. लघवी शब्द लोगोत नको म्हणून कुणीतरी नाक मुरडेल बघा, पण तपासायची तीच आहे, आणि तो शब्द बोर्डावर उघड दिसला तर बाई डबी हातात घ्यायला कमी लाजेल. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही लिप्या लोगोत कोंबू नका, त्या पत्रकावर द्या, आणि शिबिराची तारीख, वेळ, जागा तिथं चारही भाषांत लोगोपेक्षा मोठी असू द्या. मजकूर छापायच्या आधी त्या त्या भाषेच्या घरातल्या बाईकडून वाचून घ्या, आमच्याकडं एकदा कन्नड ओळ उलटी चिकटली होती आणि आठवडाभर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.